साडूंच्या स्टिअरिंगची हद्द

आमच्या साडूंना आयुष्यात कुठे थांबायचं हे कधीच कळलं नाही, हे विधान मी वैजनाथाच्या पायरीवर हात ठेवून करायला तयार आहे. ते बोलायला लागले की समोरचा माणूस घरी जाऊन, जेवून, वामकुक्षी करून परत आला तरी त्यांचं वाक्य संपलेलं नसतं. जेवायला बसले की वाढणारा थकतो. लग्नात आहेर द्यायला मंचावर चढले की फोटोवाला हाताला धरून उतरवेपर्यंत नवरा-नवरीच्या मधून हलत नाहीत. आमच्या नात्यातल्या एका जोडप्याच्या अल्बममध्ये तर निम्म्या फोटोंत हेच आहेत, आणि त्यांची मुलं आता विचारतात की हे आपले कोणते आजोबा. नळ सोडला की टाकी भरून पाणी गल्लीत येतं. भांडण काढलं की मूळ मुद्दा मागे पडून समोरच्याच्या पणजोबांची चौकशी सुरू होते. अशा या माणसाने गेलं वर्षभर एकच ध्यास घेतला होता. कॉम्प्युटरच्या गेमला जोडायचं एक स्टिअरिंग असतं, ते फिरता फिरता नेमकं कुठे थांबलं पाहिजे, याचा. देवालाही विनोद कळतो असं मला तेव्हापासून वाटायला लागलं आहे.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बायको त्यांना दाजी म्हणते म्हणून मीही दाजी म्हणतो. ते मला मास्तर म्हणतात, कारण मी माजलगावच्या एका कॉलेजात मराठी शिकवतो आणि त्यांच्या मते हा काही धंदा नव्हे. त्यांचं स्वतःचं परळीत देवळामागच्या गल्लीत हार्डवेअरचं दुकान आहे. खिळे, बिजागऱ्या, रंगाचे डबे, पाइप असं सगळं तिथे मिळतं. फक्त मागितलेली वस्तू मिळायला वेळ लागतो. गिऱ्हाइकाने काहीही मागितलं की दाजींचा पहिला प्रश्न, "कावून पायजे?" एकदा एक सद्गृहस्थ न्हाणीघराच्या दाराला कडी घ्यायला आले. दाजींनी कारण विचारलं, मग न्हाणीघर कोणत्या दिशेला आहे ते विचारलं, मग ते तिथे बांधायचा सल्ला कोणी दिला ते विचारून त्या सल्लागाराची अक्कल काढली. सद्गृहस्थ कडी न घेताच चिंताग्रस्त होऊन घरी गेले. दुसऱ्या दिवशी ते बायकोला घेऊन आले, न्हाणीघर पाडावं की काय हे विचारायला. कडी त्यांनी शेवटी दुसऱ्या दुकानातून घेतली.

दाजींचा दुसरा गुण असा की जगात जे काही बिघडतं ते त्यांच्यामुळे कधीच बिघडत नाही. ती कंपनीची चूक असते. छत्री उलटी झाली, कंपनीची चूक. कुकरची शिट्टी छताला लागली, कारण यांनी ती पक्कडीने आवळली होती, तरी कंपनीची चूक. बसवलेले दात पेरू खाताना पेरूतच राहिले तेव्हा तो पेरू आणि ते दात असा जोडमुद्देमाल घेऊन ते दातांच्या डॉक्टरकडे गेले आणि त्याला म्हणाले, "तुमची काय चूक न्हाई सायेब. कंपनीची हाय." मी भाषेचा माणूस असल्यामुळे मला हे सहन होत नाही. कोणती कंपनी, तिचं नाव काय, चूक नेमकी कोणती, असं मी दर वेळी विचारतो आणि दर वेळी आमचा वाद होतो. तो वाद अक्का मोडतात. अक्का म्हणजे त्यांची बायको, माझी थोरली मेहुणी. अक्का बोलतात कमी, पण बोलतात तेव्हा बोलणं टाचणीसारखं लागतं.

आता गाडीबद्दल सांगतो. दाजींकडे एक जुनी पांढरी गाडी आहे. पांढरी म्हणायची एवढंच. परळीत औष्णिक केंद्राची राख अशी काही बसते की पांढऱ्याचं करडं व्हायला चार दिवस पुरतात. तिचं स्टिअरिंग जुन्या पद्धतीचं, जड. ती उभी असते घरासमोर, शेजाऱ्याच्या दगडी ओट्याला खेटून, आणि गल्लीच्या तोंडाशी एक वळण आहे ते इतकं अरुंद आहे की तिथे चाक शेवटपर्यंत कापून, म्हणजे पूर्ण फिरवून, नेमकं वळावं लागतं. दाजी ते एका दमात कधीही वळले नाहीत. पुढे, मागे, परत पुढे, आणि गल्लीतले सगळे लोक हात वर करून "येऊ द्या, येऊ द्या, बस बस" ओरडताहेत, दाजी काच खाली करून प्रत्येकाशी स्वतंत्र बोलताहेत, असा तो सोहळा असायचा. पण दर आठवड्याला तो व्हायचाच. कारण आमच्या सासूबाई सिरसाळ्याच्या पुढे, आत एका खेड्यात एकट्या राहतात. एसटी फाट्यावर सोडते आणि पुढची वाट अक्कांच्या गुडघ्यांना झेपत नाही. दर आठवड्याला अक्का आईला न्हाऊ घालायला, दळण-औषध पोचवायला जातात, आणि दाजी त्यांना घेऊन जायचे. या एका बाबतीत मला त्यांच्याबद्दल वाईट बोलायला जागा नाही. मी शोधली, पण नाही.

मग दाजींचे डोळे गेले. पूर्ण नाही; साखरेने आतल्या पडद्याला इजा झाली. लायसनची मुदत संपली आणि ते तपासणीला अंबाजोगाईला गेले तेव्हा डॉक्टरांनी भिंतीवरची अक्षरं वाचायला सांगितली. दाजी म्हणाले, छपाई फुसकट हाय, कंपनीची चूक हाय. डॉक्टरांनी शांतपणे गाडी बंद असं लिहून दिलं. पुण्याला नोकरी करणाऱ्या त्यांच्या पोराने लगेच ठरवलं की दिवाळीला यायचं आणि गाडी विकून टाकायची. आजीला परळीत आणा, असंही तो म्हणाला. सासूबाई म्हणाल्या, राख खायला मी येत न्हाई. रिक्षा लावा, असं म्हणाला. त्या आडवाटेला दर आठवड्याला कोण रिक्षावाला येईल, असं अक्कांनी विचारलं. मग त्याने मला फोन केला. "काका, तुमी समजावून सांगा पप्पांना. तुमचं ऐकतील." त्याच्या पप्पांनी माझं आजवर एकदाही ऐकलेलं नव्हतं, पण शिक्षकाला कोणी असं म्हटलं की तो विरघळतो. गाडी उभी होती तोवर अक्का फाट्यावरून मिळेल त्या बैलगाडीने कशाबशा जात होत्या. थोडक्यात, गाडी विकली की अक्कांची आईकडची वाट कायमची बंद, आणि गाडी जाऊ दे असं दाजींना पटवायचं काम माझ्याकडे.

आणि नेमके याच दिवसांत दाजी माडीवर गेम खेळत बसले होते. ते स्टिअरिंग मूळ पोराचं. लग्न झालं, फ्लॅट लहान पडला, तेव्हा ते आईवडिलांच्या माडीवर येऊन पडलं. साधं खेळणं नव्हे. आत मोटार असते आणि गेममधली गाडी खड्ड्यातून गेली की ती मोटार तुमचे हात हलवते, वळणावर चाक जड करते. दाजींनी ते दुकानाच्या जुन्या गल्ल्याच्या फळीवर बोल्टांनी बसवलं, समोर पडदा लावला, खाली क्लच-ब्रेकचे पायडल ठोकले, आणि बसायला भंगारातून एका जीपची सीट आणली. राख बसू नये म्हणून वरून आपलं जुनं धोतर पांघरलं. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी ते धोतर असं काही उचललं की मला वाटलं आत पिंड आहे.

या चाकाची एक खोड होती. खऱ्या गाडीचं स्टिअरिंग वळवत गेलं की एका ठिकाणी अडतं. याच्या आत तशी अडच नव्हती. सोडलं तर ते भिंगरीसारखं फिरतच राहिलं असतं. ती अड कॉम्प्युटरमधून घालायची. चाकाने किती फिरायचं ते एका ठिकाणी सांगायचं आणि तिथे पोचल्यावर किती घट्ट अडायचं ते दुसऱ्या ठिकाणी. मग मोटारच तिथे उलटा जोर लावून चाक धरून ठेवते. पोराने फोनवरून ही युक्ती सांगितली. दाजींनी त्या अडीला नाव दिलं हद्द. "मास्तर, चाकाला हद्द पायजे. बिनहद्दीचं चाक लई बेशरम असतंय," असं ते म्हणाले, आणि मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. हे कोण बोलत होतं, तर आहेराच्या मंचावरून न उतरणारा माणूस.

हद्द घालायची तर ती किती? पोराने काही आकडा सांगितला होता, पण कोणाच्या आकड्यावर विश्वास ठेवला तर ते दाजी कसले. त्यांना ती आपल्या गाडीच्या स्टिअरिंगइतकीच हवी होती, एका केसाचा फरक नको. त्यांनी गाडीच्या स्टिअरिंगच्या माथ्यावर लाल दोरा बांधला, आत बसले, आणि दोऱ्याच्या किती फेऱ्या होतात ते मोजलं. उजवीकडे भरपूर, डावीकडे कमी. परत मोजलं, तेच. मग त्यांनी माडीवर जाऊन हद्द तशीच घातली, डावीकडे तोकडी, उजवीकडे लांब. कॉम्प्युटर म्हणत होता की दोन्हीकडे सारखीच घालता येते. दाजींनी त्याला बगल देऊन चाकाचा मध्यच सरकवला. परिणाम असा झाला की हात सरळ धरले तरी पडद्यावरची गाडी डावीकडे ओढत जाऊन गवतात शिरायची. हे कित्येक आठवडे चाललं. गेम बनवणाऱ्या कंपनीची चूक, चाकाच्या कंपनीची चूक, मग पांढऱ्या गाडीच्या कंपनीची चूक. तिन्ही कंपन्यांनी मिळून परळीच्या एका हार्डवेअरवाल्याविरुद्ध कट केल्याची त्यांची खात्री झाली. दुकानात आलेल्या गिऱ्हाइकांना ते वर नेऊन चाक फिरवायला लावायचे. रंग घ्यायला आलेला एक शेतकरी इमानाने डावी-उजवी करून म्हणाला, "आप्पा, आमच्या टॅक्टरचं दोन्हीकडं सारकं हाय बगा." दाजी म्हणाले, "तुजा टॅक्टर बिघडलाय बे. दाकवून घे."

शेवटी एके दिवशी मी तिथे असताना अक्का भाकरी थापता थापता म्हणाल्या, "अवो, गाडीचं डावं चाक ओट्याला टेकतंय. वळंल कसं? किती वर्सं झाली त्या ओट्यावर काळा डाग पडायलाय, शेजारीन रोज मला बोलतीय." दाजी तडक उठले. मग खाली गेले, गाडी हातभर पुढे ढकलली, परत दोरा मोजला. दोन्हीकडे सारखं आलं. वर येताना ते जिन्यातूनच ओरडले, "ओटा चुकीच्या जागी बांदलाय!" मी विचारलं, "कोणत्या कंपनीने?" तर त्यांनी मला जेवताना तूप वाढू दिलं नाही.

लांबी जमली, मग घट्टपणा आला. कडक ठेवली तर हद्द भिंतीसारखी लागायची आणि दाजींचा अंगठा सुजायचा. मऊ ठेवली तर चाक भिजवलेल्या कणकेत रुतल्यासारखं व्हायचं आणि नेमकी हद्द कुठे ते कळायचंच नाही. त्यांना ती पांढऱ्या गाडीसारखी हवी होती, शेवटाला आधी थोडी जडावणारी आणि मग अडणारी. ते माडीवरून खाली यायचे, गाडीत बसून डोळे मिटून चाक वळवायचे, आणि तो हाताचा अंदाज सांडू नये म्हणून हात तसेच धरून परत जिना चढायचे. गल्लीतून हा माणूस हवेत अदृश्य परात धरल्यासारखे हात करून चालला आहे, हे दृश्य लोकांना इतकं सवयीचं झालं की कुत्रीसुद्धा बघेनाशी झाली.

खंडेनवमीला तर कहर झाला. त्या दिवशी अवजारांची पूजा करतात. दाजींनी दुकानातला तराजू पुजला, हातोड्या पुजल्या, गाडी पुजली आणि पूजा सांगायला आलेल्या स्वामींना घेऊन माडीवर गेले. चाकाला भस्माचे पट्टे ओढले, झेंडूचा घसघशीत हार घातला, समोर नारळ आणि हळदीकुंकवाचं ताट ठेवलं. इथवर ठीक होतं. पण बंद मशीनची पूजा लागत नाही असं त्यांचं मत पडलं, म्हणून त्यांनी गेम चालू केला आणि गाडी गिअरमध्ये टाकून पळती केली. स्वामींनी नमस्कार सांगितला. दाजींनी चाकावरचे दोन्ही हात काढून भक्तिभावाने जोडले, डोळे मिटले. या चाकावरचे हात सुटले की ते पिसाळतं हे आम्हांला त्या दिवशी समजलं. ते डावीकडे गेलं, हद्दीला आपटलं, हद्द त्या आठवड्यात कडक होती म्हणून उसळून उजवीकडे आलं, तिकडे आपटलं, आणि मग असं घुसळायला लागलं की हार तुटून झेंडू पंख्यावर गेले, पंख्याने ते सगळ्यांना वाटले, नारळ पायडलवर पडला, गाडीने वेग घेतला आणि ताटातलं कुंकू स्वामींच्या छातीवर बसलं. स्वामी दोन पावलं मागे सरकले ते थेट जिन्यावर. अक्कांनी शांतपणे बटण बंद केलं. "कंपनीची..." एवढंच दाजी म्हणाले आणि अक्कांनी बघितल्यावर थांबले. त्यांना मध्येच थांबलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

दिवाळी जवळ आली तसे पोराचे फोन वाढले. मी दोनदा परळीला जाऊन दाजींसमोर बसलो. गाडी पडून खराब होते, आता वय झालं, वगैरे वर्गात सांगतो तसं मुद्देसूद सांगितलं. ते ऐकत नव्हते. पडद्यावर एक रिकामं मैदान होतं, कुठून शोधलं होतं कोणास ठाऊक, आणि त्यात यांची गाडी बैलाच्या चालीने चालली होती. चाक एका बाजूला शेवटपर्यंत, हद्दीला टेकलं की किंचित मागे, मग सरळ. परत तेच. लोक या यंत्रावर शर्यती लावतात, गाड्या हवेत उडवतात. आणि हा माणूस वर्षभर मैदानात गोल गोल फिरतो आहे. माझा संयम संपला. "दाजी, अहो जोरात पळवा तरी! एवढ्या खटाटोपाने गाडी चालवता आहात की दळण दळता आहात?" ते पडद्याच्या अगदी जवळ तोंड नेऊन बघत होते. म्हणाले, "रेस कुनासंगं लावायचीय मला? तुमी गप बसा. हद्द बिगडती." मी माजलगावला परत आलो आणि बायकोला म्हणालो की तुझ्या दाजींचे डोळेच नाही, डोकंही गेलं. तिने मला चहा दिला नाही. या घरात माझ्या परखडपणाची शिक्षा नेहमी खाण्यापिण्यातूनच होते.

आणि मग दिवाळीच्या आधीच्या रविवारी दाजींचा फोन आला. एरवी त्यांचा फोन आला की मी स्पीकरवर टाकून पेपर तपासतो. त्या दिवशी ते एवढंच बोलले, "मास्तर, सकाळी या. येताना तुमचं लायसन घिऊन या." आणि फोन ठेवला. त्यांनी फोन आधी ठेवण्याचा हा प्रकार इतका अघटित होता की मी आणि बायको दोघंही पहिल्या गाडीने निघालो. दाजींनी शेवटी ऐकलं, गाडी विकायच्या कागदावर साक्षीदार हवा असेल, असा माझा अंदाज होता. विजयी माणसाने कसं नम्र असावं याचा मी वाटेत विचार करत होतो.

दुकान बंद होतं. आम्ही माडीवर गेलो. जीपच्या त्या भंगार सीटवर अक्का बसल्या होत्या. पदर कमरेला खोचलेला, चष्मा नाकावर, दोन्ही हात चाकावर. पडद्यावर तेच मैदान. चाक डावीकडे सफाईने शेवटाला गेलं, टेकलं, किंचित मागे आलं, सरळ झालं. आणि त्यांच्या मागे आमचे दाजी उभे होते, हात मागे बांधून, तोंड मिटून.

सगळी हकीकत माझ्या बायकोने अक्कांकडून काढली. डॉक्टरांनी लिहून दिलं त्याच महिन्यात दाजी अक्कांना म्हणाले होते, गाडी तू शिक. अक्का म्हणाल्या, "तुमी गप बसनार असाल तर शिकते." हा सौदा या घरात झाला आणि दाजींनी तो कबूल केला, हे ऐकूनच मी जिन्याच्या वरच्या पायरीवर टेकलो. मग अक्का भजनी मंडळाला जाते असं गल्लीत सांगून मोटार शिकवणाऱ्यांकडे गेल्या, रस्त्यावर रीतसर चालवायला शिकल्या, शिकाऊ लायसनही काढून आल्या. पण ती शिकवायची गाडी नवी, तिचं चाक बोटाने फिरणारं. आपली गाडी जड, तिची हद्द वेगळी, आणि आपल्या गल्लीचं वळण तर कुठेच नाही. गल्लीसमोर त्या वळणाला धडक दिली असती तर ते बोलणं पुढे जन्मभर ऐकावं लागलं असतं. म्हणून माडी. म्हणून तो दोरा, ते सुजलेले अंगठे, ते हात तसेच धरून जिना चढणं. "हाताला कळलं पायजे," दाजी म्हणाले, "गाडी कुटं थांबतीय ते. डोळ्याचं काय खरं न्हाई." एवढं बोलून ते अक्कांकडे बघून परत गप्प झाले.

मला कशाला बोलावलं होतं, तेही कळलं. शिकाऊ माणसाच्या शेजारी पक्कं लायसन असलेला माणूस बसावा लागतो, आणि दाजींचं संपलेलं. म्हणजे माझा सल्ला, माझे मुद्दे, माझं दोन खेपांचं समजावणं यापैकी कशाचीही गरज नव्हती. खिशातला कागद तेवढा हवा होता. गाडीला पुढे-मागे दुकानातल्या लाल रंगाने शिकाऊ गाडीचं 'एल' अक्षर रंगवलेलं होतं. अक्का चालवायला बसल्या, मी शेजारी. मागे माझी बायको आणि तिच्या बाजूला दाजी. गल्ली ओट्यांवर जमली होती. चार जणांनी सवयीने हात वरही केले.

वळण आलं. अक्कांनी आरशात पाहिलं नाही, माझ्याकडे तर नाहीच नाही. त्यांनी चाक कापत नेलं, ते जडावलं, टेकलं. त्यांनी ते तिथे दाबून धरलं नाही, किंचित सोडलं, आणि गाडी ओट्याला न घासता, एका दमात, गल्लीच्या बाहेर आली. वर झालेले हात तसेच वर राहिले. मी मागे वळून पाहिलं. दाजी मान ताठ करून बसले होते. त्यांचे दोन्ही हात मांडीवर हवेत वळलेले होते आणि चाक थांबलं होतं तिथेच थांबलेले होते. त्यांनी ते हळूच खाली घेतले.

सिरसाळ्यापर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. वाटेत राखेचे टिपर धुरळा उडवत गेले, एका मोटारसायकलवाल्याने आडवं येऊन शिवी खाण्यासारखं काम केलं, फाट्यावर त्यांचं जुनं गिऱ्हाईक हात करत उभं होतं. एरवी यातल्या प्रत्येकावर मैलभर बोलणं झालं असतं. मला ती शांतता सोसेना. जी बडबड बंद व्हावी म्हणून मी वर्षानुवर्षं देवाला साकडं घातलं, ती मला त्या रस्त्यावर हवी होती, आणि हे मला स्वतःलाच खरं वाटेना. गाडी आत वळली, बाभळींमधून जाऊन पत्र्याच्या घरासमोर उभी राहिली. सासूबाई दारात आल्या. "इतक्या दिसांनी गाडी आली, अन् गपचिप कशी गं? हॉरन न्हाई, काय न्हाई. जावई आले न्हाईत व्हय?"

"आलेत की. मी आनली गाडी, माय," अक्का म्हणाल्या, आणि खाली उतरून आईला धरायला गेल्या. माझी बायकोही धावली. दोघी बहिणी मिळून म्हातारीला गाडी दाखवायला लागल्या.

दाजी उतरले नव्हते. दाराच्या आतल्या बाजूने त्यांचा हात फिरत होता. काचेची मूठ सापडली, ती त्यांनी फिरवली, काच अर्धी खाली आली. मग हात पुढे गेला, मग खाली, परत वर. आपल्याच गाडीच्या मागच्या दाराची कडी कुठे असते हे त्यांना माहीत नसणार. इतक्या वर्षांत ते मागे कधी बसलेच नव्हते. की दिसत नव्हती? चांगलं लख्ख ऊन होतं. मी खाली उतरलो. जवळ जाऊन बाहेरून दार उघडलं.

ते माझ्या खांद्यावर हात ठेवून उतरले, कपडे झटकले, आणि दाराकडे बोट करून म्हणाले, "बगा मास्तर. कडी कुटं बसवलीय यांनी. मान्साला घावत न्हाई. कंपनीची चूक हाय."

"व्हय दाजी," मी म्हणालो, "कंपनीचीच चूक हाय."